बिलात ‘डुप्लिसिटी’ आहे म्हणे: एका शब्दाने केलेला घोळ

सगळी भानगड एका ओळीने झाली. अकाउंट्समधल्या पोराने एका जुन्या सप्लायरला मेल टाकला, ‘वी हॅव ऑब्झर्व्ह्ड डुप्लिसिटी इन युवर इनव्हॉइसेस, पेमेंट इज ऑन होल्ड.’ वर डिअर सर, खाली थँक्स अँड रिगार्ड्स, बाकी सगळं नेहमीचं. पोराला म्हणायचं होतं की तुमची काही बिलं डबल आलीत, एकदा चेक करा. सप्लायरने वाचलं ते असं, की तुमच्या बिलांमध्ये लबाडी सापडलीये म्हणून तुमचे पैसे अडवलेत. आणि खरं सांगू का, त्यांनी वाचलं तेच बरोबर होतं. मेलमध्ये तेच लिहिलेलं होतं.

मी तिथे पत्रव्यवहार आणि भाषांतर बघते, म्हणजे भांडण लागल्यावर मेल सारखा करायला ज्या बाईला बोलावतात ती मी. कंपनीचं, माणसांचं नाव घेत नाही, गरजही नाही, कारण हा घोळ कुठल्याही ऑफिसात होऊ शकतो आणि होतोच. पण शेवटपर्यंत सांगते, कारण प्रकरणाने मध्येच अशी पलटी खाल्ली की तो चुकीचा शब्द पुरता चुकीचा राहिलाच नाही.

आधी बिलांचं सांगते. त्या तिमाहीत त्या सप्लायरची १४ बिलं आली होती. पोराने नेहमीसारखं पीओ (म्हणजे आमची खरेदीची ऑर्डर), गोडाऊनची माल मिळाल्याची पावती आणि बिल असं तिन्ही जुळवायला घेतलं तर ३ बिलं अशी निघाली की नंबर नवीन, तारीख नवीन, पण पीओ जुनाच, चलन नंबर जुनाच, वजन अगदी ग्रॅमपर्यंत तेच. माल एकदाच आलेला. म्हणजे खेपा ११ आणि बिलं १४. हे त्याने पकडलं ह्याबद्दल खरं तर शाबासकी द्यायला हवी होती, ती द्यायची राहूनच गेली. नंतर कळलं की मूळ आमच्याकडेच होतं, त्या ३ बिलांवर आमचा जुना पत्ता पडला होता आणि आम्हीच त्यांना सांगितलं होतं की पत्ता बदलून परत पाठवा, त्यांनी नवीन पत्त्याने बिल काढलं, सॉफ्टवेअरने त्याला नवीन नंबर दिला, आणि जुनं बिल मारायला जी क्रेडिट नोट काढावी लागते ती काढायची राहिली. झालं, दोन्ही बिलं जिवंत. ह्यात लबाडी कुठे आहे? कुठेच नाही.

पोराला विचारलं, अरे हा शब्द आणलास कुठून? तर म्हणे, ताई, सगळेच लिहितात की. आणि हे खोटं नाही हो. ‘अव्हॉइड डुप्लिसिटी ऑफ वर्क’ हे मी स्वतः किती सर्क्युलरमध्ये, किती मीटिंगच्या मिनिट्समध्ये वाचलंय त्याला गणती नाही. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं डुप्लिकेशन, म्हणजे एकच काम दोघांनी करू नका. पण वाक्याचा सरळ अर्थ होतो कामातला दुटप्पीपणा टाळा, जो सल्ला तसा काही वाईट नाही, पण द्यायचा तो नसतो. सिम्पलवरून सिम्प्लिसिटी, मल्टिपलवरून मल्टिप्लिसिटी, मग डुप्लिकेटवरून डुप्लिसिटी, असा हिशोब डोक्यात बसलेला असतो. हिशोब चुकीचा पण म्हणता येत नाही, फक्त शब्द हिशोबाने चालत नाहीत.

कारण दोन्हींचं मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये ड्युप्लेक्स म्हणजे दुपदरी, दोन घड्यांचं. त्या ‘घडी’च्या शब्दातून इंग्रजीत मोठा गोतावळा निघालाय: एक्स्प्लिसिट म्हणजे घडी उलगडून दाखवलेलं, इम्प्लिसिट म्हणजे घडीच्या आत राहिलेलं, सिम्प्लिसिटी म्हणजे एकपदरीपणा आणि डुप्लिसिटी म्हणजे दुपदरीपणा. एकपदरी माणूस वरून दिसतो तसाच आतून, दुपदरी माणसाचा आतला पदर वेगळ्याच रंगाचा. मराठीत ‘ओठात एक पोटात एक’ म्हणतो ना, अगदी तेच. मला तर वाटतं हा शब्द शाळेत सिम्प्लिसिटीच्या जोडीने शिकवायला पाहिजे, तसं कोणी शिकवत नाही आणि मग तो डुप्लिकेटच्या शेजारी जाऊन बसतो.

गंमत म्हणजे पोराच्या बाजूने पण साक्षीदार आहे. वेबस्टरची १८२८ची अमेरिकन डिक्शनरी काढली तर तिथे डुप्लिसिटीचे तीन अर्थ दिलेत आणि पहिलाच आहे नुसता दुहेरीपणा, दोन असणं. दुसरा अर्थ मनाचा किंवा बोलण्याचा दुहेरीपणा, म्हणजे एकाच गोष्टीबद्दल एकदा एक आणि एकदा दुसरंच बोलणं-वागणं, किंवा स्वतःचं खरं मत लपवून समोरच्याला भलतीकडे नेणं. म्हणजे आमच्या पोराने वापरलेला अर्थ जवळजवळ २०० वर्षांपूर्वी पहिल्या नंबरवर छापलेला होता. पण सप्लायरकडे १८२८ची डिक्शनरी नव्हती, आणि आज कोणत्याही वाचणाऱ्याच्या डोक्यात दुसराच अर्थ आधी येतो, पहिला जवळपास गेल्यातच जमा आहे.

तिसरा अर्थ कायद्यातला, तो अजून जिवंत आहे. इंग्लिश फौजदारी कायद्यात जुना नियम आहे की आरोपपत्राच्या एका कलमात एकच गुन्हा लिहायचा, दोन वेगळे गुन्हे एकाच कलमात कोंबले तर ते कलम डुप्लिसिटीमुळे सदोष ठरतं. आता कोर्ट जेव्हा असं म्हणतं तेव्हा सरकारी वकील लबाड आहे असं नसतं म्हणायचं, कलम दुहेरी झालंय एवढंच. पण हा वकिलांच्या घरातला शब्द झाला, बिलाच्या मेलमध्ये तो अर्थ कोणी मनात आणत नाही.

जाता जाता एक, इंग्रजीत ‘डूप’ म्हणजे ज्याला कोणी सहज गंडवलं तो भाबडा माणूस, त्याचा डुप्लिसिटीशी संबंध असेल असं वाटतं पण नाहीये. तो फ्रेंचमधून आलाय आणि हुदहुद पक्ष्याच्या फ्रेंच नावावरून आला असं मानतात, हुदहुद बिचारा बावळट समजला जायचा. आणि हल्ली सोशल मीडियावर महागड्या वस्तूच्या स्वस्त कॉपीला पण ‘डूप’ म्हणतात, ते मात्र खरोखर डुप्लिकेटचं तोडलेलं रूप. असो, मूळ गोष्टीवर येते.

सप्लायरचं उत्तर दोन तासांत आलं, रिप्लाय ऑल करून, आमचे डायरेक्टर सीसीमध्ये. साधारण असं की इतकी वर्षं आम्ही तुम्हाला माल देतोय, एकदाही वजनात गडबड नाही, आणि आज तुम्ही आम्हाला लेखी लबाड म्हणता. शब्द लेखी मागे घ्या, नाहीतर पुढचं आमचे वकील बघतील. पुढची खेप थांबवली. इकडे पोराने तोपर्यंत मोबाइलवर शब्दाचा अर्थ पाहिला होता आणि तो नुसता खुर्चीत बसून होता, चहा समोर गार झालेला. मला म्हणाला, ताई, मी ह्यांना चोर म्हटलं का? मी म्हटलं, चोर नाही म्हटलंस, चोर बरा. चोर एकदाच घेतो आणि जातो. तू म्हटलंस की तुम्ही तोंडावर गोड बोलता आणि मागे दुसरंच करता. (हे मी जरा जास्तच टोचून बोलले, नंतर वाईट वाटलं.)

पण फरक खरोखर तोच आहे आणि तो समजल्याशिवाय हा शब्द वापरू नये. डुप्लिसिटीचं भाषांतर लोक फसवणूक करतात, कपट करतात, खोटारडेपणा करतात. सगळं जवळपास आहे पण नेमकं नाही. फसवणूक एका फटक्यात होते. खोटं एका वाक्यात होतं. डुप्लिसिटीला दोन बाजू लागतातच, एकाला एक सांगितलं आणि दुसऱ्याला दुसरं, किंवा त्याच माणसाला समोर एक दाखवलं आणि मागून उलट केलं. म्हणून माझ्या मते मराठीत दुटप्पीपणा हाच सगळ्यात जवळचा, आणि माणसासाठी दुतोंडी. अडचण एवढीच की दुटप्पी आपण हल्ली तत्त्वं एक आणि वागणं दुसरं अशा माणसालाही म्हणतो, ज्याला इंग्रजीत हिपॉक्रसी म्हणतील, हा शब्द ग्रीक नाटकातून आलाय, मूळ अर्थ नटाचं काम, सोंग घेणं. सोंग घेणाऱ्याला कधी कधी स्वतःचंच सोंग खरं वाटायला लागतं, पण डुप्लिसिटीवाल्याला आपण काय करतोय ते पक्कं माहीत असतं. हेतू त्या शब्दाच्या आतच शिवलेला आहे, ‘चुकून डुप्लिसिटी झाली’ असं म्हणताच येत नाही. म्हणूनच तो आरोप इतका झोंबतो, कारण त्यात चुकीला जागाच ठेवलेली नसते.

वापराचं पण सांगून टाकते. उच्चारात जोर ‘प्लि’वर येतो. तो मोजायचा शब्द नाही, त्यामुळे ‘अ डुप्लिसिटी’ किंवा ‘थ्री डुप्लिसिटीज’ सहसा कोणी लिहीत नाही. ‘ही डिड डुप्लिसिटी विथ मी’ हे आपल्या ‘माझ्याशी लबाडी केली’ची कॉपी आहे, इंग्रजीत माणसावर डुप्लिसिटीचा आरोप होतो, ती उघड पडते, किंवा माणूसच ड्युप्लिसिटस असतो. आणि वस्तूला हा शब्द लागत नाही. बिल डुप्लिसिटीने भरलेलं नसतं, बिल बनवणारा असतो. त्यामुळे ‘इन युवर इनव्हॉइसेस’ लिहून पोराला वाटलं आपण कागदाबद्दल बोलतोय, पण बोट गेलं सरळ माणसाकडे.

आता वकिलाची धमकी आल्यावर आमच्याकडे पळापळ. डायरेक्टरांनी विचारलं, पण बिलं डबल होती ना? मग चूक तर आहेच त्यांची. इथे मी त्यांना डेरी विरुद्ध पीक ही केस सांगितली, माझ्या लाडक्या केसेसपैकी एक आहे आणि कायदा शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ती वाचावी लागते. इंग्लंडमधली एक ट्राम कंपनी, तिच्या संचालकांनी प्रॉस्पेक्टसमध्ये, म्हणजे शेअर विकायच्या माहितीपत्रकात, लिहिलं की आम्हाला ट्राम वाफेवर चालवायचा हक्क आहे. तो हक्क बोर्ड ऑफ ट्रेड ह्या सरकारी खात्याच्या संमतीवर अवलंबून होता, संचालकांना वाटलं संमती काय मिळणारच, ती बहुतेक मार्गासाठी मिळाली नाही, कंपनी बुडाली, ज्याने शेअर घेतले त्याने डिसीटचा, म्हणजे फसवणुकीचा, दावा लावला. १८८९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, सांगितलं की नाही, विधान खोटं निघालं म्हणजे डिसीट झाली असं नाही. बोलणाऱ्याला ते खोटं आहे हे माहीत असायला हवं, किंवा ते खरं आहे असा त्याचा विश्वास नसायला हवा, किंवा खरं असो खोटं असो मला काय, अशा बेफिकिरीने तो बोललेला असायला हवा. संचालकांचा मनापासून विश्वास होता, सुटले. आता पत्ता बदलून दिलेलं बिल आणि राहून गेलेली क्रेडिट नोट ह्या तिन्हींपैकी कशात बसते? कशातच नाही. निष्काळजीपणा म्हणा हवं तर, आणि त्यातला अर्धा आपला.

डायरेक्टरांना पटलं. माफीचा मेल लिहायचा ठरला, पहिला ड्राफ्ट पोराने स्वतःहून केला, बिचारा रात्री घरी बसून. सकाळी मला दाखवला. दुसऱ्याच ओळीत लिहिलेलं, ‘वी रिग्रेट दॅट अवर मेल वॉज डिसीटफुल.’ मी डोक्याला हात लावला. त्याला म्हणायचं होतं की आमच्या मेलमुळे गैरसमज झाला, आणि लिहिलं गेलं की आमचा मेल कपटी होता. डिसेप्टिव्ह आणि डिसीटफुल, दिसायला सख्खे भाऊ, दोन्ही लॅटिनमधल्या त्याच क्रियापदातून, ज्याच्यात पकडण्याचा, जाळ्यात घेण्याचा अर्थ आहे. पण डिसेप्टिव्ह वस्तू पण असू शकते, पाण्याची खोली डिसेप्टिव्ह असते, पाण्याच्या मनात काही नसतं. डिसीटफुल व्हायला मन लागतं. आणि डिसीटफुलनेस म्हणजे तर स्वभावच, एकदा केलेली गोष्ट नाही, अंगात मुरलेली. इथे दोन्ही नकोत, मिसलीडिंग पण नको, सरळ लिही की आम्ही चुकीचा शब्द वापरला, आम्हाला ड्युप्लिकेट एंट्रीज म्हणायचं होतं. साधा शब्द कोणाला कधी कोर्टात नेत नाही, असं काहीतरी मी म्हटलं आणि स्वतःवरच खूश झाले.

मग मेलच्या आधी सप्लायर स्वतःच आले भेटायला. वयस्कर गृहस्थ, फाइल घेऊन, सोबत त्यांची मुलगी, जी त्यांची बिलं बघते. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, तसं काही झालं नाही. मुलीने क्रेडिट नोटा काढून आणल्या होत्या, तीनही, टेबलावर ठेवल्या, म्हणाली चूक आमची, मला माहीत नव्हतं जुनं बिल वेगळं रद्द करावं लागतं. पोराने पण माफी मागितली, उभं राहून, अडखळत. पाच मिनिटांत मिटलं असतं.

तेवढ्यात वडिलांनी विचारलं, एक सांगा, पेमेंट होल्डवर कधी टाकलं? पोराने सिस्टिम बघून सांगितलं, सोमवारी संध्याकाळी, परचेसच्या साहेबांनी सांगितल्यावर. ते म्हणाले, मंगळवारी सकाळी त्याच साहेबांचा मला फोन आला होता. पैसे ह्या आठवड्यात निघतायत, काळजी करू नका, तुम्ही पुढची खेप तेवढी आज लोड करा. त्यांनी मोबाइलवर कॉलची वेळ दाखवली. परचेसचे साहेब समोरच बसले होते, त्यांनी पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मेल गेला होता मंगळवारी दुपारी.

म्हणजे बघा. सोमवारी स्वतः पेमेंट अडवायला सांगायचं आणि मंगळवारी फोनवर पैसे निघाले म्हणून माल सोडवून घ्यायचा. एकच गोष्ट, दोन तोंडं, दोन्हीकडे वेगळं, आणि पूर्ण शुद्धीत. कोणी मला डुप्लिसिटीचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण मागितलं तर मी हेच देईन. ह्याला लबाडी म्हणा, दोन्ही डगरींवर हात ठेवणं म्हणा, पण नुसतं खोटं म्हटलं तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होतं, कारण फोनवरचं खोटं तेव्हाच कळतं जेव्हा सोमवारचा निरोप शेजारी ठेवला जातो. डेरी विरुद्ध पीकची पहिली कसोटी इथे कशी सहज बसते बघा, बोलणाऱ्याला माहीत होतं की हे खरं नाही.

ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, मेल वाचला तेव्हा आधी मला वाटलं, कोणीतरी खरं लिहिलंय, टाइप करताना फक्त ‘अवर’च्या जागी ‘युवर’ पडलंय. कोणी हसलं नाही. त्यांची मुलगी खाली बघत होती. पोराला ते कळायला दोन सेकंद लागले, मग त्याने माझ्याकडे बघितलं.

पुढे काय, डायरेक्टरांनी पेमेंट सोडायला सांगितलं, ११ खेपांचं, त्या दिवशीच. माल चालू झाला. परचेसच्या साहेबांना आत बोलावलं होतं, काय बोलणं झालं मला माहीत नाही, ते अजून त्याच खुर्चीत आहेत. पोराला मात्र लेखी समज मिळाली, बाहेर जाणारे मेल आधी दाखवून पाठवायचे म्हणून. हे मला अजिबात पटलेलं नाही आणि मी तसं बोलले पण.

माफीचा मेल शेवटी मी लिहिला. चार ओळींचा. आमच्या मेलमध्ये चुकीचा शब्द गेला, त्यामागे कुठलाही आरोप नव्हता, आम्हाला ३ बिलांच्या दुबार नोंदी कळवायच्या होत्या, झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत. फोनबद्दल काही लिहायचं नाही असं मला वरून सांगितलं गेलं, आणि मी लिहिलं नाही. मेल पाठवायच्या आधी पोराला वाचायला दिला, म्हटलं बघ, शिकायला होईल. त्याने दोनदा वाचला. एकेक शब्द बघत होता, आता त्याला प्रत्येक शब्दाची भीती बसलीये.

मग म्हणाला, ताई, ह्यात खोटं तर काहीच नाहीये.

मी म्हटलं, नाहीच.

पण फोनचं पण नाहीये.

मी काही बोलले नाही.

ह्याला पण असेल ना काहीतरी शब्द? म्हणजे जे लिहिलंय ते सगळं खरं, पण जे माहीत आहे ते माहीतच नसल्यासारखं करायचं.

आहे, मी म्हटलं. डिसइंजेन्युअस. त्याने वहीच्या मागच्या पानावर डुप्लिसिटी, डिसेप्टिव्ह, डिसीटफुल लिहून ठेवलं होतं, त्याच्याखाली पेन टेकवून स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं आणि सेंड दाबलं.